वाचक विचारतात : स्कोपचे क्लिक ऐकतच नाहीत!

प्रश्न : माझी .१७७ इंच कॅलिबरची ब्रेक बॅरल (नळी मोडून पेलेट भरायची) एअर रायफल आहे, वर ३-९x४० स्कोप (नेम धरायची दुर्बीण). २५ मीटरवर पेलेट खाली लागतात म्हणून टरेट (स्कोपवरची फिरवायची चकती) फिरवून अपचे क्लिक देत गेलो तर काहीच फरक नाही, आणि मग अचानक एकदम वर! दुकानदार म्हणतो नवीन घ्या. घेऊ का?
– एक वाचक, कराड

उत्तर : थांबा, पैसे खिशातच ठेवा. ब्रेक बॅरलची नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते, याला ड्रूप म्हणतात. ते भरून काढायला तुम्ही अप अप करत गेलात की टरेटचा स्क्रू बाहेर येत जातो आणि स्कोपच्या आतली नळी त्याला टेकवून ठेवणारी स्प्रिंग सैल पडते, मग क्लिक वाजतो पण ही आतली नळी हलत नाही, आणि दोनतीन धक्के बसले की एकदम उडी मारते. म्हणजे बहुतेक दोष बसवण्यात आहे.

खात्री कशी करायची? रायफल रिकामी आहे ना ते बघा, शिकंज्यात घट्ट बांधा, २५ मीटरवर ग्राफ पेपर लावा. क्लिकला पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकणारा स्कोप असेल तर ४० क्लिकला क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) साधारण ७३ मिमी सरकायला हवा आणि उलटे ४० दिले की परत त्याच रेघेवर यायला हवा. हेच आधी टरेटच्या मधल्या भागात करा, मग आत्ता आहे त्या वरच्या टोकाला. मध्ये बरोबर आणि टोकाला गडबड, तर ड्रूपच. डोकं अजिबात हलवू नका हं, असले स्कोप बरेचदा १०० यार्डाच्या पॅरॅलॅक्सवर (म्हणजे त्या अंतरासाठी) सेट असतात, २५ मीटरवर नुसता डोळा सरकला तरी क्रॉसहेअर सरकल्यासारखा दिसतो.

उपाय म्हणजे ड्रूप भरून काढणारा माउंट (स्कोप रायफलवर धरणाऱ्या रिंगांची जोडणी). तात्पुरतं मागच्या रिंगखाली पाव मिमीची पट्टी टाकली तरी चालतं, रिंगांत १० सेमी अंतर असेल तर २५ मीटरवर पेलेट सहा सेंटिमीटर वर लागतात, पण जास्त जाड टाकलीत तर स्कोपची नळी चेपते. माउंट रेलवर मागे घसरत नाहीये ना तेही बघा, स्प्रिंग रायफलचा धक्का मागे-पुढे दोन्हीकडे बसतो.

मधल्या भागातही क्रॉसहेअर परत आला नाही तर मात्र स्कोप गेला. तेव्हा एअरगनसाठीचाच मागा, साध्या रायफलचा नको.

प्रश्न : स्वप्निल कुसाळेच्या रायफलवर स्कोप का नव्हता?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : त्या प्रकारात चालतच नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये त्याने ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम) ब्राँझ घेतलं ते पीप साइटवर, मागे बारीक भोक, पुढे रिंग, रिंगेत काळा गोल. क्लिक तिथेही असतात, वारा बदलला की द्यावे लागतात.