खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झालाय. फिर्यादी केस मागे घेतो म्हणतोय. पुढे काय होतं?

तुम्ही लिहिलंय की बांधावरून भांडण झालं, चुलत्यांना कोयता लागला, धाकट्या भावाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ खाली (जुनं ३०७) अटक झाली आणि आता चुलतेच म्हणतायत, 'जाऊ दे, केस मागे घेतो.' मी वकील नाही, सेशन कोर्टात बेंच क्लार्क म्हणून निवृत्त झालो. तेवढ्यापुरतं सांगतो.

केस मागे घेणं चुलत्यांच्या हातात नाही. फिर्याद नोंदली की ती महाराष्ट्र शासनाची केस होते, चुलते त्यात साक्षीदार. हे कलम कोर्टासमोर आपसात मिटवता येत नाही. गुन्हा रद्द करायला दोघांनी मिळून हायकोर्टात जाता येतं, पण वार शरीरावर कुठे बसला, हत्यार कोणतं, हे पाहून हायकोर्ट ठरवतं. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली तसंच सांगितलंय. परदेशी मालिकांत गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेतात, तोही मार्ग इथे नाही. आपल्याकडे ती सोय सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच आहे.

सध्या भाऊ पोलीस कोठडीत आहे, त्यानंतर न्यायालयीन कोठडी. दोषारोपपत्राला (चार्जशीटला) पोलिसांना ९० दिवस मिळतात. ते अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून मोजा. मुदत संपली आणि दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क आहे; पण अर्ज करावा लागतो. अर्जाआधी दोषारोपपत्र आलं की हक्क गेला. एका दिवसाने हुकलेले मी पाहिलेत.

दोषारोपपत्र दाखल होतं मॅजिस्ट्रेटकडे. तिथे आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस) नंबर पडतो, आरोपीला सगळ्या कागदांच्या नकला फुकट मिळतात आणि केस सेशनला कमिट होते, म्हणजे वर सेशन कोर्टाकडे पाठवली जाते. मॅजिस्ट्रेट इथे साक्षीपुरावा घेत नाही. घरच्यांचा घोळ होतो तो इथेच. कोर्ट बदलतं, नंबर बदलतो, आणि लोक जुन्याच दारात बसून राहतात. एकदा एक आई जेवणाच्या सुट्टीपर्यंत खालच्या व्हरांड्यात मुलाला घेऊन बसली होती. वर आमच्याकडे त्याच्या नावाचा तीनदा पुकारा होऊन अजामीनपात्र वॉरंट निघालं होतं. त्याच दुपारी वकिलाने अर्ज देऊन ते रद्द करून घेतलं, पण त्या माऊलीचा चेहरा अजून आठवतो.

सेशनला आरोप निश्चिती होते. न्यायाधीश आरोप वाचून विचारतात, गुन्हा कबूल आहे का? 'नाही' म्हटलं की पुरावा सुरू: फिर्यादी, पंच, डॉक्टर, बहुधा शेवटी तपासी अंमलदार. नव्या कायद्याने (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने) आरोप निश्चितीला ६० दिवस आणि युक्तिवादानंतर निकालाला ३०, फार तर ४५ दिवस घातलेत. मधल्या पुराव्याला तुमच्यासारख्या केसमध्ये असा आकडा नाही, आणि वर्षं जातात ती तिथेच. कधी पंच येत नाही, कधी जेलमधून आरोपी आणायला पोलीस पार्टी मिळत नाही, कधी आपलाच वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला असतो.

चुलते साक्षीत फिरले तर? सरकारी वकील त्यांना फितूर जाहीर करून घेतात आणि स्वतःच त्यांची उलटतपासणी घेतात. डॉक्टरांचं जखमेचं सर्टिफिकेट काही फितूर होत नाही. आणि जामीन झाल्यावर भावाला चुलत्यांच्या दारात पाठवू नका. साक्षीदाराला भेटला एवढ्यावरही जामीन रद्द होऊ शकतो.

पुराव्यानंतर न्यायाधीश स्वतः आरोपीला प्रश्न विचारतात. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम ३१३, आता नव्या संहितेचं ३५१. बहुतेक जण सरसकट 'खोटं आहे' म्हणून मोकळे होतात. तुमच्या भावाचं त्या दिवसाबद्दल काही म्हणणं असेल, तर ते सांगायची जागा ही. वकिलाबरोबर आधी बसून घ्या. मग युक्तिवाद, निकाल, आणि शिक्षा झालीच तर हायकोर्टात अपील.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो. केस कमिट झाली की नवा सोळा अक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) लिहून घ्या आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री ई-कोर्ट्सच्या ॲपवर कोर्ट कोणतं ते बघा.