गळणाऱ्या वाघिणीचा वेग का वाढत नाही?

आपला प्रश्न असा आहे की, रुळांवरून घर्षणाविना जाणाऱ्या उघड्या वाघिणीत (मालगाडीच्या डब्यात) पाऊस साचला की ती मंदावते, तर तेच पाणी तळाच्या भोकातून गळून गेल्यावर तिचा वेग पूर्ववत का होत नाही. बाहेरचे बल नसल्याने संवेग (वस्तुमान गुणिले वेग) कायम राहतो, म्हणून पाणी गेल्यावर वेग पूर्वीइतका व्हायला हवा, असे आपले गणित आहे. चिपळुणात शिकवताना हा प्रश्न मला दर पावसाळ्यात भेटतो, आणि एके काळी मी स्वतःही तो फळ्यावर चुकीचा सोडवला आहे.

रिकामी वाघीण २० टनांची, वेग सेकंदाला ६ मीटर आणि सरळ खाली पडणारे पाणी ४ टन धरू. (३० चौरस मीटरच्या तळावर हा सुमारे १३३ मिलिमीटर पाऊस झाला, आमच्याकडे आषाढात तो एका दिवसात पडतोही, दिवसभर घर्षणाविना धावणारी वाघीण तेवढी मिळत नाही.) आडव्या दिशेला बाहेरचे बल नसल्याने २० गुणिले ६, म्हणजे १२० हा संवेग २४ टनांत वाटला जातो आणि वेग ५ होतो. इथवर आपले बरोबर आहे. या टप्प्यात गतिज ऊर्जा ३६० किलोजूलवरून ३०० वर येते, पण त्याने बिचकू नये. पाणी वाघिणीला येऊन चिकटते, तेव्हा तेवढी ऊर्जा खळबळीत आणि उष्णतेत जाणारच.

गळतीच्या वेळी मात्र आपण पुन्हा १२० ला २० ने भागता. भोकातून सुटणारे पाणीही त्या क्षणी ५ च्याच वेगाने पुढे जात असते, त्यामुळे २० एवढा संवेग ते आपल्यासोबत नेते, वाघिणीकडे १०० उरतो आणि वेग ५ च राहतो.

बल म्हणजे संवेगबदलाचा दर, हे आपण वापरलेले सूत्र ज्यात द्रव्याची ये-जा नाही अशा संचालाच लागू पडते. ये-जा असेल तर वस्तुमान गुणिले त्वरण बरोबर बाह्य बल अधिक (येणाऱ्या किंवा जाणाऱ्या द्रव्याचा वस्तूच्या संदर्भातला वेग गुणिले वस्तुमानबदलाचा दर) असे लिहावे. पावसाचा हा आडवा सापेक्ष वेग मागच्या दिशेला असतो, गळतीचा शून्य. रॉकेटमध्ये वेगही मागे आणि दरही ऋण, म्हणून गुणाकार धन येतो व रेटा पुढे मिळतो.

उत्तर तपासायला मी शेजारच्या रुळावरून ५ च्याच वेगाने जाणाऱ्या गाडीत बसल्याची कल्पना करतो. खिडकीतून वाघीण स्थिर दिसते, तिच्याखाली पाणी टपकत असते आणि तिचा संवेग शून्य असतो. आपल्याच सूत्राने तो शून्यच राहायला हवा, म्हणजे जमिनीवरच्या माणसाला वेग ५ दिसायला हवा. पण तेच सूत्र जमिनीवरून लावले तर ६ सांगते.