नारळावरची पांढरी माशी

प्रश्न : सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीच्या नारळांच्या झावळ्या वरून काळ्या पडल्यात, खालून कापसासारखं पांढरं दिसतं. खाली लावलेल्या गाड्या चिकट होतात. कोणतं औषध फवारावं?

उत्तर : रासायनिक कीटकनाशक कृपया फवारू नका. ही रुगोज चक्राकार पांढरी माशी आहे. मूळची मध्य अमेरिकेतली, भारतात 2016 मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला प्रथम सापडली. पिल्लांवर मेणाचा थर असल्याने औषध नीट पोचत नाही आणि तिला मारणारी एन्कार्सिया ही बारीक गांधीलमाशी मात्र मरते. मग कीड दुप्पट जोराने येते.

आधी खालच्या झावळीचं एक पातं भिंगाखाली पाहा. काही पिल्लं काळी पडलेली, त्यांवर गोल भोक असेल, तर एन्कार्सिया पोचली आहे. अशा पात्यांचे तुकडे कीड नव्याने लागलेल्या झाडाला बांधा. या झावळ्या तोडून जाळणं म्हणजे आपलाच मित्र जाळणं.

पाइपने जोराचं पाणी पानांच्या खालच्या बाजूला मारा. वरून मारून उपयोग नाही. कीड फारच असेल तर संध्याकाळी लिटरला 5 मिली निंबोळी तेल, थोडा साबण घालून. साबण नसेल तर तेल पाण्यात मिसळतच नाही. खोडाला एरंडेल लावलेले पिवळे पत्रे बांधा.

झावळ्यांवरची काळी बुरशी या माशीच्या चिकट स्रावावर वाढते. लिटरला 10 ग्रॅम मैद्याची पातळ खळ शिजवून, गाळून, गार करून फवारा. उन्हात वाळली की पापुद्र्यासकट बुरशी सुटते. न गाळल्यास नोझल तुंबतं.