मोटरहोमने जर्मनी, ऑक्टोबरात: एकच नदी धरा

तुमचा बेत दोनदा वाचला. ऑक्टोबरचे शेवटचे दहा दिवस, तुम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि पासष्टी ओलांडलेले आई-बाबा. फ्रँकफर्टला मोटरहोम ताब्यात घ्यायची आणि बर्लिन, ड्रेस्डेन, म्युनिक, नॉयश्वानश्टाइनचा किल्ला, ब्लॅक फॉरेस्ट, हायडलबर्ग करून परत फ्रँकफर्ट. विचारलंत की हे जमेल का, थंडी झेपेल का आणि घरचं जेवण होईल का. मी अकरा वर्षं श्टुटगार्टजवळ राहते. त्यातले सात ऑक्टोबर आम्ही मोटरहोममध्ये काढलेत, दोन वेळा सासू-सासऱ्यांना घेऊन. थंडी झेपेल आणि जेवणही होईल. बेत मात्र सोडा, असं मी कळकळीने सांगेन.

तुमचं वर्तुळ अठराशे-एकोणीसशे किलोमीटरचं आहे. सात मीटर लांब, तीन मीटर उंच गाडी ताशी नव्वद-शंभरानेच बरी चालते. वारा सुटला की तेवढीही नको वाटते. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि त्या दिवसापासून संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. नदीखोऱ्यांत सकाळचं धुकं दहापर्यंत हलत नाही. हातात उरतात सात तास. ते महामार्गावर घालवलेत तर आई-बाबांना जर्मनीत काय दिसलं, तर ट्रकच्या रांगा.

म्हणून एक नदी धरा, आणि माझं मत विचाराल तर मोझेल. ट्रिअरपासून कोब्लेन्झपर्यंत पक्षी उडत गेला तर शंभरेक किलोमीटर, पण नदीकाठाने जवळपास दोनशे. इतकी वळणं घेत ती जाते. या टप्प्यात तिच्यावर दहा बंधारे आहेत. त्यामुळे पाणी संथ असतं आणि सकाळी त्यात डोंगर उलटा दिसतो. रस्ता पाण्याला लागून, बराचसा सपाट. दर चार-पाच किलोमीटरला एक गाव आणि बहुतेक गावांत रात्री गाडी उभी करायची सोय. रोज तीस-चाळीस किलोमीटर चालवा. आठ दिवस भरपूर झाले.

ही सोय म्हणजे श्टेलप्लाट्झ. हा शब्द पाठ करा, कारण कॅम्पिंगची जागा वेगळी आणि हा वेगळा. श्टेलप्लाट्झ म्हणजे फक्त मोटरहोमसाठी आखलेली जागा. वीज, पाणी, सांडपाणी टाकायची जाळी, कधी शौचालय, बहुधा एवढंच. मोझेलवर द्राक्षबागायतदार स्वतःच्या अंगणामागे पाच-सहा गाड्यांची जागा ठेवतात. आम्ही बहुतेक ठिकाणी रात्रीचे दहा ते पंधरा युरो दिलेत, विजेच्या खांबात नाणी वेगळी. बऱ्याच ठिकाणी आगाऊ आरक्षण नसतं, जो आधी येईल त्याची जागा. द्राक्षतोडणीच्या दिवसांत शनिवारी चारनंतर पोचलात तर गावोगाव 'बेलेग्ट', म्हणजे भरलेलं, अशी पाटी दिसेल. तीनच्या आत थांबायचा नेम ठेवा. दिवसही लहान असतो, त्यामुळे हा नेम पाळणं जड जात नाही.

ट्रिअरला एक पूर्ण दिवस द्या. पोर्टा निग्रा हे रोमनांनी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात बांधलेलं काळपट दगडांचं नगरद्वार अजून उभं आहे आणि त्याखालून लोक बाजाराला जातात. कार्ल मार्क्सचा जन्म १८१८ साली याच गावात झाला, त्या घरात संग्रहालय आहे. पुढे बर्नकास्टेल-कूसच्या चौकात लाकडी चौकटीची घरं आहेत. त्यातलं १४१६ सालचं एक टोकदार छपराचं घर तळाला इतकं अरुंद आणि वर इतकं रुंद आहे की तुमचा मुलगा तिथून हलणार नाही. ट्राबेन-ट्रारबाख, बाइलश्टाइन ही गावं वाटेतच लागतात. कोखेमचा किल्ला लांबून फार देखणा. तो १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने उडवला आणि आज दिसतो तो एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधलेला. खरा जुना किल्ला पाहायचा तर एल्ट्झ. तो कधीच उद्ध्वस्त झाला नाही आणि आठशेहून अधिक वर्षं एकाच घराण्याकडे आहे. पार्किंगपासून खाली उतार आहे, आई-बाबांसाठी छोटी बस मिळते. नोव्हेंबर लागला की तो हिवाळ्यापुरता बंद होतो, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

पण मोझेलवर जायचं खरं कारण गावं नाहीत. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात दोन्ही काठांचे द्राक्षमळे पिवळे होतात, नदीपासून थेट माथ्यापर्यंत. रीसलिंग हे द्राक्ष उशिरा पिकतं, त्यामुळे इतर ठिकाणची तोडणी आटोपली तरी इथे माणसं चढावर दिसतात. ब्रेम गावाजवळचा कालमोंट हा युरोपातल्या सर्वांत चढ्या द्राक्षमळ्यांत गणला जातो, काही जागी उतार पासष्ट अंशांपर्यंत. माल खाली आणायला एका रुळावरून सरपटणारी छोटी गाडी असते, तिच्यावर पेट्या लादतात.

माझे सासरे तासगावचे, आयुष्य द्राक्षबागेत गेलेलं. पहिल्या खेपेला त्यांना किल्ल्यांचं काही कौतुक वाटेना. ब्रेमच्या अलीकडे आम्ही एका बागायतदाराच्या अंगणात थांबलो होतो. सकाळी उठून पाहते तर बाबा स्वेटर-मफलर घालून पहिल्या ओळीत उभे. प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब, आणि काडी दोन्ही बाजूंनी वाकवून बदामाच्या आकारात बांधलेली. ना मांडव, ना तारा. त्यांनी एक पान उलटं केलं, बोटाने पांढरी पूड पुसली आणि मला म्हणाले, "ही भुरीच. यांना विचार, काय मारतात." भुरी म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग. मालक साठीचा माणूस, हातात कात्री. मी दुभाषी. गंधक हा शब्द दोन्ही बाजूंना कळला. मग बाबांनी जमिनीतले पाटीच्या दगडाचे काळे तुकडे उचलले. मालकाने तोच दगड त्यांच्या तळहातावर दाबून धरला आणि सांगितलं, दिवसभर ऊन पितो, रात्री मुळाशी सोडतो, म्हणून एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकतं. बाबा म्हणाले, "आमच्याकडे आता फळछाटणी चालू असेल." हे मला भाषांतरित करताना जड गेलं, कारण इथे तोडणी आणि तिकडे त्याच महिन्यात पिकाची सुरुवात. वर्षातून दोनदा छाटायचं, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरात फळ, हे ऐकून तो माणूस खाली बसला आणि कागद मागितला. दोघांनी वेलीची चित्रं काढली. आम्ही त्या दिवशी पुढे गेलोच नाही. तुमच्या मूळ बेतात असा दिवस बसला असता का, एवढंच बघा.

या महिन्यात फेडरवाइसर मिळते, म्हणजे अजून आंबत असलेली नवी, गढूळ, गोडसर वाईन. तिच्या बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं, त्यामुळे ती फडताळात आडवी ठेवू नका, सगळी गाडी चिकट होईल. प्यायची ती गाडी रात्रीपुरती उभी केल्यावरच. तिच्याबरोबर कांद्याचा खारा केक देतात, त्स्वीबेलकूखेन. तुम्ही शाकाहारी असाल तर 'ओने श्पेक' असं आधी विचारा, कारण त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. लाल भोपळ्याचं सूप आणि सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर बटाट्याची थालिपिठं आई-बाबांना नक्की चालतील. बागायतदारांच्या घरची हंगामी खानावळ उघडी असली की दाराबाहेर झाडू किंवा फांद्यांची जुडी टांगलेली दिसते. तिथेच जेवा.

घरच्या स्वयंपाकाचं म्हणाल तर दोन-तीन शेगड्या असतात आणि सगळं होतं. कुकर आणा, छोटा, तीन लिटरचा. फोडणी मात्र छपराची खिडकी उघडून आणि आत झोपायची अंथरुणं झाकून करा, नाहीतर मोहरी-हिंगाचा वास दहा दिवस उशीत राहतो. आम्ही सकाळी पोहे, दुपारी बेकरीतला पाव आणि चीज, रात्री वरणभात असं ठेवतो. रविवारी दुकानं बंद असतात, १ नोव्हेंबरलाही या भागात सुट्टी असते. शनिवारी दूध, भाजी, पिण्याचं पाणी भरून ठेवा.

आता थंडी. गॅसचा हीटर गाडी छान उबदार ठेवतो, त्याची काळजी नको. काळजी गॅसची करा. उन्हाळ्यात अकरा किलोची टाकी आम्हाला तीन आठवडे पुरते, ऑक्टोबरअखेर रात्रभर हीटर लावला तर आठवड्यात संपते. गाडी घेताना दोन्ही टाक्या भरलेल्या आहेत ना हे उचलून बघा, आणि त्यात प्रोपेन आहे ना हे विचारा. शून्य अंशाच्या आसपास ब्यूटेनची वाफ होत नाही, मग टाकीत गॅस असूनही शेगडी पेटत नाही. दुसरं म्हणजे, गरम पाण्याच्या बॉयलरला बहुधा एक सुरक्षा झडप असते. आतलं तापमान तीन अंशांच्या आसपास गेलं की पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून ती आपोआप उघडते आणि पाणी गाडीखाली सोडून देते. टाउबर नदीच्या खोऱ्यात एकदा आम्ही हीटर बंद करून मित्रांकडे मुक्कामाला गेलो. सकाळी परतलो तर गाडीखाली ओलं थारोळं आणि नळ कोरडे. भाड्याची गाडी फुटली असं समजून मी रडवेली झाले होते. आधी गाडी तापवली, मग बटण दाबून झडप बंद केली, पाणी भरलं, सगळं ठीक. तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरू नका, आणि थंड रात्री हीटर किमान मंद चालू ठेवा.

पाच माणसं आहात म्हणून गाडी निवडताना दोन गोष्टी नीट बघा. बेड सहा आहेत म्हणून पट्ट्याच्या सीट सहा असतील असं नाही. चालत्या गाडीत सगळ्यांनी पट्टा लावून बसावं लागतं आणि मुलाची उंची दीडशे सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर त्याला बूस्टर सीट लागेल. दुसरी गोष्ट वजनाची. नेहमीच्या कारच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते, आणि त्यात माणसं, पाणी, गॅस, बॅगा सगळं आलं. पाच जणांत ही मर्यादा फार पटकन गाठली जाते. मऊ बॅगा आणा आणि पाण्याची टाकी प्रवासात पाव भरूनच चालवा, पुढच्या गावात पाणी मिळतंच. आई-बाबांना ड्रायव्हरच्या डोक्यावरचा शिडीचा बेड देऊ नका, तो मुलाचा. त्यांना मागचा कायमचा बेड. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आरटीओतून काढून घ्या, मूळ परवान्यासोबत तो दाखवावा लागतो.

शौचालयाची पेटी रोज किंवा दिवसाआड रिकामी करायची असते. ती आणि सांडपाणी फक्त खूण केलेल्या जागीच टाका, शेतात किंवा गटारात कधीही नाही. काम दहा मिनिटांचं आहे. आम्ही ते सकाळी गाडी हलवण्याआधी उरकतो.

शेवटचे दोन दिवस राईनला ठेवा. बिंगेन ते कोब्लेन्झ हा पासष्ट किलोमीटरचा पट्टा २००२ पासून जागतिक वारसा आहे. बाखाराख आणि लोरेलायचा कडा दिवसा बघा. या टप्प्यात राईनवर पूल नाही, पलीकडे जायला तराफ्यासारखी फेरी लागते आणि मोटरहोमही तिच्यावर चढते. मुलाला मजा येईल. राईनच्या काठी झोपू मात्र नका. दोन्ही तीरांवर रेल्वे आहे आणि मालगाड्या रात्रभर धडधडतात. शिवाय गावातून नदीकडे जाणारे रुळांखालचे बोगदे काही जागी फार बुटके आहेत. गाडीची उंची कागदावर लिहून समोरच्या काचेला चिकटवा.

नदीकाठची जागा घेताना एक सवय लावा. गाडी बाहेर पडायच्या दिशेने तोंड करून उभी करा आणि सलग पाऊस असेल तर पाण्याची पातळी विचारा. जुलै २०२१ मध्ये शेजारच्याच आर नदीच्या पुरात १३०हून अधिक माणसं गेली. मोझेलचं पाणी त्या मानाने सावकाश चढतं आणि मालक वेळेत सांगतात, पण त्यांनी हलवा म्हटलं की पहाटे तीनलाही हलवायचं.

गाडी सहसा दुपारी मिळते आणि सकाळी परत द्यावी लागते. पहिल्या दिवशी तासाभराच्या पलीकडे चालवू नका, बिंगेनपर्यंत पोचलात तरी पुरे. ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा आणि हीटर, झडप, शौचालयाची पेटी हे तिघं समोर चालवून दाखवायला लावा. शेवटची रात्र फ्रँकफर्टपासून अर्ध्या तासावर काढा, म्हणजे आतली सफाई आणि डिझेल भरणं सकाळी शांतपणे होईल. विमानाची तिकिटं काढली नसतील तर पाच-सात दिवस अलीकडे सरकवता येतील का तेवढं बघा. महिन्याच्या शेवटी पानं गळू लागतात, आणि तुमच्या बाबांना भर पिवळा डोंगर दिसायला हवा.