एसी फिटिंगचं लायसन्स आणि इन्शुरन्स: ऑफिसवाले नेमकं काय मागतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात हाताखाली चार कामगार मुलं घेऊन घरगुती एसीची कामं करता, आता सहा मजली ऑफिसात स्प्लिट युनिट बसवायची ऑर्डर येतेय आणि तिथला ॲडमिन 'लायसन्स आणि इन्शुरन्सची कॉपी' मागतोय. एजंटने तीन पॉलिस्या पुढे केल्यात.

लायसन्सचं पटकन संपवतो. महाराष्ट्रात 'एसी कॉन्ट्रॅक्टर' असा वेगळा परवाना नाही. परवाना लागतो तो विजेच्या कामाला. तयार पॉइंटवर युनिट जोडणं वेगळं आणि डीबीतून (वीज वाटणाऱ्या मुख्य बोर्डातून) नवी केबल ओढणं, एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) वाढवणं वेगळं. हे दुसरं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं. तुमच्याकडे परवाना नसेल तर तेवढा भाग त्याला सबलेट करा. बिल आणि टेस्ट रिपोर्ट त्याच्याच नावाने घ्या. कुणाचं तरी लेटरहेड आणून फाइलला लावू नका, कारण आग लागल्यावर 'वायरिंग कुणी केलं' हा प्रश्न विमा कंपनीचा सर्व्हेअर विचारणारच.

बाकी कागद किरकोळ: उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी; फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका), शॉप ॲक्ट, व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये. जीएसटीची ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला आहे. तुम्ही सेवा देता, तुमची मर्यादा २० लाख. कंत्राटी कामगारांचा परवाना ५० माणसांपासून लागतो. ॲडमिनने मागितलाच तर 'आम्हाला लागू नाही' असं लेखी द्या.

खरा मुद्दा विम्याचा, आणि त्यातही वर्कमेन कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे कामावर अपघात झाल्यास कामगाराला कायद्याने द्यावी लागणाऱ्या भरपाईच्या विम्याचा. तुमच्या हाताखालचा मुलगा आऊटडोअर युनिट बसवताना चौथ्या मजल्यावरून पडला, तर भरपाईसाठी मूळ मालकाला, म्हणजे काम देणाऱ्या ऑफिसलाही धरता येतं. ॲडमिनला भीती आहे ती हीच. मृत्यू झाल्यास भरपाईचा हिशेब: महिन्याच्या पगाराचे ५० टक्के गुणिले वयाचा फॅक्टर. वय ३० ला फॅक्टर २०७.९८. पगार १५,००० धरला तर ७,५०० × २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. महिन्याच्या आत दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि वर दंड, जो विमा कंपनी भरत नाही. ईएसआय (कामगारांची सरकारी विमा योजना) १० माणसांपासून लागू होते. तुमची चारच, म्हणून हा सगळा बोजा थेट तुमच्यावर.

एजंटने सुचवलेली पहिली, ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी स्वस्त दिसते, पण ती वर्कमेनच्या जागी चालत नाही. तिच्यात ठरलेली रक्कम मिळते. कायद्याने तुमच्यावर आलेली देणेदारी तशीच उरते.

वर्कमेनची पॉलिसी घेताना गडबड होते ती कामाच्या वर्णनात. प्रीमियम कमी यावा म्हणून 'एसी सर्व्हिसिंग' एवढंच लिहिलं जातं. 'उंचीवर एसी फिटिंग, ब्रेझिंगसह' (ब्रेझिंग म्हणजे ज्योतीने तांब्याचे पाइप जोडणं) असं लिहून घ्या, नाहीतर क्लेम तिथेच अडतो. पगार मस्टरवर (तुमच्या हजेरी-पगाराच्या वहीत) २२,००० आणि पॉलिसीवर १०,००० असला तरी तेच. नाक्यावरून दोन दिवसांसाठी आणलेला हेल्परही मोजला गेला पाहिजे, म्हणून नावानिशी यादीपेक्षा संख्येवर पॉलिसी मिळत असेल तर ती बरी. मेडिकल खर्चाचं एक्स्टेंशन वेगळं मागावं लागतं.

दुसरी पॉलिसी लायबिलिटीची, म्हणजे तुमच्या कामामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीची. ब्रेझिंगच्या ठिणगीने फॉल्स सीलिंग पेटलं, ड्रेन पाइपचा उतार चुकला आणि खालच्या सर्व्हरवर पाणी गळलं, तर ही उपयोगी. पण ड्रेनची गळती बहुतेक वेळा काम सोपवून झाल्यावर कळते, म्हणून 'काम पूर्ण झाल्यानंतरचं नुकसान' त्यात आहे का ते वाचा. ज्या वस्तूवर तुम्ही प्रत्यक्ष काम करताय ती साधारणपणे वगळलेली असते. खराब फिटिंग पुन्हा करून देण्याचा खर्चही कुणी देत नाही. आणि प्रेशर टेस्टिंगला (पाइपची गळती तपासताना) नायट्रोजनच वापरा. सिलिंडर हाताशी आहे म्हणून ऑक्सिजन भरणारे महाभाग अजून आहेत. कॉम्प्रेसरच्या तेलाशी ऑक्सिजनची गाठ पडली की स्फोट होतो.

तिसरी, इरेक्शन ऑल रिस्क, म्हणजे बसवणी चालू असताना त्या मालाच्या नुकसानीचा विमा. एवढ्या कामाला ती मागितली तरच घ्या, पण घेतलीत तर रक्कम पूर्ण धरा. मजुरी ३ लाख आणि ऑफिसने स्वतः आणलेली युनिट २२ लाखांची, तर विमा २५ लाखांचा. फक्त ३ लाखांचा काढला आणि २ लाखांचं नुकसान झालं, तर ३/२५ या प्रमाणात २४,००० हातात येतील, त्यातूनही एक्सेस (दर क्लेमला तुम्ही स्वतः सोसायची रक्कम) वजा.

सही करण्याआधी ॲडमिनला एकच विचारा: पॉलिसीत त्यांचं नाव प्रिन्सिपल (काम देणारा मूळ मालक) म्हणून हवंय का? हवं असेल तर एंडोर्समेंट (पॉलिसीतली तशी लेखी नोंद) आत्ताच करून घ्या. अपघात झाल्यावर ती करून त्या अपघाताला उपयोग होत नाही.