सरांनी उत्तर द्यायच्या आधी कट करू नकोस

अगं,

तुझा टीझर बघितला, मग जेवणं आटपल्यावर हेडफोन लावून परत बघितला. कळव्याच्या त्या मुलींच्या कबड्डी टीमवर डॉक्युमेंटरी करायची हे मला मनापासून आवडलंय, म्हणून नुसतं छान छान लिहून सोडत नाहीये, जे वाटलं ते सगळं लिहिते.

ऐरोली पुलावरचा ड्रोन शॉट, स्लो मोशनमधली पकड, मागे ढोल, हे नीट जमलंय पण असं बरेच जण करतात. मी अडकले दुसरीकडेच. ती बारकी रेडर मॅटच्या कडेला बसून नीकॅप काढतेय, केसांचा रबर दातात धरलाय आणि तशीच सरांना विचारते, "सर, उद्या अर्धा तास लेट आले तर चालेल का?" सर तोंड उघडतात आणि तू कट करतेस! अगं का? उद्या तिला कुठे जायचंय, शिकवणी आहे की धाकट्या भावाला शाळेतून आणायचंय, सर चिडले की समजून घेतलं, मला तेच बघायचं होतं. तुझी फिल्म त्या प्रश्नात आहे आणि तू तिथून उठून ड्रोन उडवायला गेलीस.

तू लिहिलंयस की 2 नोव्हेंबर 2025 ला नेरूळला डी. वाय. पाटीलमध्ये बायकांच्या क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल बघताना हे डोक्यात आलं. मी घरी टीव्हीसमोर होते, हरमनप्रीतने शेवटचा कॅच घेतला तेव्हा आमची अख्खी बिल्डिंग जागी होती, त्यामुळे तुला काय झालं असेल ते मला कळतं. पण तो क्षण ब्रॉडकास्टरने प्रत्येक अँगलने घेतलाय, हक्कही त्यांचेच आणि आपल्याला तो परवडणारही नाही. मॅच सगळ्यांकडे असते गं. मॅचच्या आधीचं आणि नंतरचं घर फक्त तुझ्याकडे असू शकतं, कारण त्या घरात शिरायला तुला मिळतंय.

'हूप ड्रीम्स' ही डॉक्युमेंटरी बघच, 1994 ची आहे. शिकागोची दोन पोरं, विल्यम गेट्स आणि आर्थर एजी, दोघांना एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, जायचंय. स्टीव्ह जेम्स आणि त्याच्या जोडीदारांनी टीव्हीसाठी अर्ध्या तासाचं काहीतरी करायचं म्हणून सुरुवात केली आणि पाच वर्षं शूट करत राहिले, अडीचशे तासांच्या आसपास फुटेज झालं, फिल्म झाली जवळजवळ तीन तासांची. त्यात आर्थरची फी थकते आणि त्याला ती मोठी शाळा सोडावी लागते, विल्यमचा गुडघा जातो, एजींच्या घरची वीज कापतात. यातलं काहीही स्क्रिप्टमध्ये लिहिता आलं नसतं, ती माणसं तिथे थांबली म्हणून मिळालं. दोघंही एनबीएत पोचले नाहीत, तरी तीन तास आपण जागचे हलत नाही. तुझी टीम जिल्ह्याची फायनल हरली तर फिल्मचं काय होणार म्हणून तू घाबरलीयस ना, त्याचं उत्तर यात आहे.

ऑस्करला त्या फिल्मला डॉक्युमेंटरीचं नॉमिनेशनच मिळालं नाही, फक्त एडिटिंगचं मिळालं. त्यावर इतका आरडाओरडा झाला की अकादमीला निवडीची पद्धत बदलावी लागली. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट, फिल्मला पैसे मिळाले तेव्हा त्या दोन घरांनाही वाटा मिळाला. तू हे आजच ठरव. मुली अठराच्या खालच्या आहेत, म्हणजे आईवडिलांची लेखी परवानगी हवी, मराठीत, साध्या भाषेत, घरी बसून वाचून दाखवलेली, आणि "हे नको दाखवूस" म्हणायचा हक्क त्यात लिहिलेला. पैसे आले तर टीमच्या क्रीडा मंडळाला किती, मुलींना किती, तेही त्यात लिही. नंतर बघू म्हटलं की ते राहूनच जातं, मी बघितलंय.

आता कामाचं. तुझा साऊंड कच्चा आहे आणि कबड्डीत साऊंड म्हणजे अर्धा खेळ. रेड करणाऱ्या पोरीला लेपल, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक, लावता येणार नाही, पकडीत तुटेल आणि तिला लागेल, म्हणून प्रॅक्टिसला बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, घेऊन मध्यरेषेजवळ कडेला बस, दम संपत आला की तिचा "कबड्डी कबड्डी" कसा पातळ होत जातो ते नुसतं ऐकलं तरी अंगावर काटा येतो. हॉल रिकामा झाला की तिथली शांतताही मिनिटभर रेकॉर्ड कर, एडिटला लागतेच. स्पर्धेत लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी चालू असतात, ती तुझ्या ट्रॅकमध्ये घुसली की पुढे कॉपीराइटचं लफडं, सो महत्त्वाची बोलणी स्पीकरपासून लांब घे. आणि ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतंय, आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची आहे, 25 फ्रेमला शटर 1/50 ठेव, थांबेल. फुटेजच्या तीन कॉपी ठेव, एक तुझ्या घराबाहेर कुणाकडे तरी. वीस वर्षांनी त्या पोरींच्या मुलांना आपली आई खेळताना बघायची असेल, तेव्हा हे फक्त तुझ्याकडेच असेल.

मिफसारखे (मुंबई आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हल) फेस्टिव्हल आहेतच, पण मिफ दोन वर्षांतून एकदा भरतो, त्याच्या तारखेसाठी एडिटची घाई करू नकोस. एडिट लॉक, म्हणजे फायनल, करायच्या आधी पहिल्यांदा मंडळाच्या मैदानात पडदा लावून मुलींना आणि घरच्यांना दाखव, आणि तू पडद्याकडे नको, त्यांच्या तोंडाकडे बघत बस. कुठे हसतात, कुठे एखादी आई मान खाली घालते, ते लिहून घे आणि परत एडिटला बस.

सध्या ड्रोन राहू दे. ट्रान्स-हार्बर लोकलने कोपरखैरण्याला ये शनिवारी, संध्याकाळी मी घरीच आहे, हार्डडिस्क आण. आणि त्या दिवशीचं न कापलेलं रॉ फुटेज आण, सर काय म्हणाले ते मला ऐकायचंय.

तुझी,
ताई