टीचर, तुम्ही देवाला पाहिलंय?

"मावशी, मी मूळची वसईची, लग्न होऊन अकरा वर्षं झाली, राहते गोव्यात, सासष्टीत. घरचे सगळे भाविक. रोज संध्याकाळी सासूबाईंबरोबर तेर्स (जपमाळेची प्रार्थना), रविवारी मीस (चर्चमधली उपासना), आणि मीस सुटल्यावर मी लहान मुलांना दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवते. गेलं दीड वर्ष आतून काहीच वाटत नाही. घरात कोणी गेलं नाही, आजारपण नाही, नवऱ्याशी भांडण नाही. एका संध्याकाळी तेर्स चालू असतानाच वाटलं, पलीकडे ऐकायला कोणी नाहीच. ते तेव्हापासून गेलेलं नाही. मागच्या महिन्यात वर्गातल्या आठ वर्षांच्या मुलानं विचारलं, 'टीचर, तुम्ही देवाला पाहिलंय?' मी पटकन 'हो' म्हणाले. त्या रात्री झोप लागली नाही. कुमसाराला (पाद्रींपुढे पापं कबूल करायला) जावं तर आमचे पाद्री सासूबाईंच्या नात्यातले. आता सायबीण, म्हणजे मारियामातेची मूर्ती, घरोघरी फिरत फिरत आमच्या घरी येणार आणि तेर्स मीच सांगायचा असं ठरलंय. मी ढोंगी आहे का? वर्ग सोडू का?
– दुबावी"

बाय दुबावी,

सही झकास केलीस. वसईची असून संशयाला कोंकणी शब्द शोधलास, म्हणजे गोवा बराच मुरलाय तुझ्यात.

तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. दीड वर्ष संशय घेऊन तू रोज झोपत होतीस. झोप उडाली ती त्या 'हो' नं. तेव्हा आधी त्याचं बघू.

येत्या रविवारी त्या मुलाला बाजूला घे आणि सांग, "मी तुला त्या दिवशी हो म्हटलं, ते खरं नव्हतं. मी पाहिलेलं नाही. मलाही बघायला आवडेल." एवढंच. तुझी दीड वर्षाची कथा त्याला सांगू नकोस, आठ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर ते ओझं नको. पुढे विचारलंच तर संत थॉमसची गोष्ट सांग, येशू पुन्हा उठलाय हे जखमांना हात लावल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या शिष्याची; मुलांना ती आवडते. फक्त चित्रातल्यासारखी सांगू नकोस. चित्रांत थॉमसचं बोट जखमेत घातलेलं असतं. योहानाच्या शुभवर्तमानात येशू त्याला हात लावायला सांगतो, पण त्यानं तो लावला असं कुठेच लिहिलेलं नाही. मला त्या गोष्टीत त्याहून जास्त आवडतात ते मधले आठ दिवस. बाकीच्यांनी पाहिलंय, हा म्हणतो मी मानणार नाही, आणि तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच, त्याच घरात बसलेला असतो. कोणी त्याला बाहेर काढलं नाही, आणि तोही रागावून निघून गेला नाही. ते आठवडाभर जेवताना एकमेकांशी काय बोलले असतील, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

आता वर्ग सोडण्याचं. मत्तयाचं शुभवर्तमान काढ, शेवटचा अध्याय. गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्य येशूला भेटतात, त्याला नमन करतात, आणि लगेच तिथे लिहिलंय की काहींना संशय वाटला. पुनरुत्थान झालेला येशू समोर उभा असताना! त्याच्या पुढच्याच ओळींत तो सगळ्यांना शिकवायला पाठवतो. संशय असलेल्यांनी मागे थांबा, असं म्हणत नाही. मला वाटतं, दोतोर्न शिकवणाऱ्या प्रत्येकीनं ती ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. तू वर्गात 'चर्च असं शिकवतं', 'संत पौल असं म्हणतो' असं बोललीस तर त्यात काही खोटं नाही. 'मी अनुभवलंय' हे मात्र अनुभवलं असेल तेव्हाच म्हण. उद्या तुझी खात्रीच झाली की हे सगळं खोटं आहे, तर त्या दिवशी वर्ग सोड. आज तुझी तशी खात्री नाही. असती तर तू मला पत्र लिहिलं नसतंस, राजीनामा लिहिला असतास.

ढोंगी म्हणशील तर, चर्चनं 1992 साली काढलेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात संशयाचे दोन प्रकार सांगितलेत. एक, माणूस जाणूनबुजून मान्य करायचं नाकारतो तो. दुसरा, न मागता येतो तो: मन कचरतं, प्रश्नांची उत्तरं सापडत नाहीत, अंधाराची भीती वाटते. तुझा दुसरा. त्याला मुद्दाम खतपाणी घालत बसलं तर माणूस आंधळा होऊ शकतो, असंही तिथे म्हटलंय, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण संशय आला म्हणून तू गुन्हेगार ठरत नाहीस. मदर तेरेसांचं उदाहरण सगळेच देतात, म्हणून मला द्यायचं जिवावर येतं. 2007 मध्ये त्यांची पत्रं छापून आली आणि जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आत अंधारच वाटत होता हे जगाला कळलं. पण आपण काही मदर तेरेसा नाही गं. आपल्याला सकाळी डबे करायचे असतात.

माझं सांगते. तिशीत माझीही तीन वर्षं अशीच गेली. मिसेला बसून मी इगर्जेतले (चर्चमधले) पंखे मोजायची. एका पाद्रींना सांगितलं तर ते माझ्यावरच खेकसले, आणि मी कितीतरी दिवस कुमसाराकडे फिरकले नाही. पुढे एका म्हाताऱ्या सिस्टरना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "तुला पटत नाही, की तू दमलीस?" मला उत्तर देता आलं नाही, कारण तोवर तो फरकच मी केला नव्हता. माझं निम्म्याहून जास्त दमणंच निघालं. उरलेलं खरोखरचं न पटणं होतं, त्यातलं थोडं अजून आहे, आणि मी अजून मिसेला जाते. तूही तो प्रश्न स्वतःला विचार. आणि जेवण, गाणी, मुलांचं हसणं हेही बेचव लागत असेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांना भेट.

आणखी एक, माझा नुसता अंदाज. वसईत तू पंचवीसेक वर्षं मराठीत प्रार्थना केलीस. इथे आल्यावर 'नमान मोरिये', ही मारियेची कोंकणी प्रार्थना, सासूबाईंच्या मागून पाठ केलीस. शब्द बिनचूक येतात, पण ते तुझ्या आईच्या तोंडून आलेले नाहीत. रात्री सगळे झोपल्यावर एकदा मराठीत म्हणून बघ. गोव्यात हे परकंही नाही. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 साली तुमच्या सासष्टीतच, रायतूरला छापलं गेलं, आणि ते मराठी ओव्यांत आहे. त्यानं काही वाटेलच असं नाही. नाही वाटलं तर नाही.

कुमसारातलं बाहेर फोडणाऱ्या पाद्रीला चर्चमधून आपोआप बहिष्कृत व्हावं लागतं, म्हणून तुमचे पाद्री बोलणार नाहीत. पण रविवारच्या जेवणाला ते समोर बसल्यावर घास उतरणार नाही, तेही मला कळतं. 24 नोव्हेंबरला सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू झाली की जुन्या गोव्याला जा. त्या गर्दीत तुला कोण ओळखणार? पापांची यादी न्यायची गरज नाही. "माझा विश्वास आटलाय" एवढं म्हण. आणि त्याआधी नवऱ्याला सांग. अकरा वर्षं एका छपराखाली राहणाऱ्या माणसाला यातलं काहीच जाणवलं नसेल, हे मला खरं वाटत नाही. सासूबाईंना आत्ता सांगायची घाई नको.

राहिली सायबीण. तेर्स कसा सांगतात ते आठव. 'नमान मोरिये' चं पहिलं अर्धं तू म्हणणार, उरलेलं अर्धं जमलेला वाडा म्हणणार. अख्खी प्रार्थना एकट्या कोणाच्या तोंडून होतच नाही. त्या रात्री तुझ्या वाट्याला अर्धीच आहे. तेवढी नीट, सावकाश म्हण. मनात काही आलं नाही तरी कोपऱ्यातल्या म्हातारीला आपलं अर्धं म्हणायला तुझं अर्धं लागतं. अगदीच आवाज फुटला नाही तर शेजारणीला म्हण, आज घसा बसलाय, तू सांग. नाही, ते नको, पुन्हा खोटं होईल. नुसतं "आज तू सांग" म्हण, ती खूशच होईल.

लादीन (सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना) झाल्यावर वाटायचे चणे आदल्या रात्रीच भिजत घाल. आमच्याकडे एकदा सकाळी आठवण झाली, आणि पाहुण्यांनी चावून चावून दात हलवून घेतले.

– मावशी